बुडणारा बुडबुडा

१

पाण्याच्या प्रयोगशाळेत एक साधा नियम होता: बुडबुडा दिसला, की नमुना बाद.

बोटभर उंचीची काचेची कुपी नळाखाली तिरपी धरायची. पाणी काठावर फुगून उभं राहीपर्यंत भरायची. मग झाकण घट्ट फिरवायचं, कुपी उलटी करायची आणि नखाने टिचकी मारायची. आत हवा अडकली असेल तर बुडबुडा तरंगत वर येतो. कारखान्यांतली उडून जाणारी रसायनं पाण्यापेक्षा हवेत जास्त रमतात. कुपीत बुडबुडा असला की ती त्यात जाऊन बसतात आणि पाणी तपासणाऱ्याच्या हातावर तुरी देतात. म्हणून बुडबुडा नको.

टिचकी मारायचं हे काम दचकीकडे होतं. तिला दुसरं, कागदोपत्री नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच निघायचं. दार वाजलं की ती दचके, फोन वाजला की दचके, आपणच मागे ठेवलेली बाटली वळल्यावर दिसली तरी दचके. रसायनशास्त्रात पहिला वर्ग आणि काळीज चिमणीचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडम म्हणत, "हिला घेतलं तेव्हा मी आधी काचसामानाचा विमा काढला."

त्या शनिवारी बाटल्याने नेहमीसारखा ट्रे आणून ठेवला. बाटल्या म्हणजे घरोघरी जाऊन नमुने भरून आणणारा, उंच, अरुंद मानेचा, बोलायला लागला की झाकण न सापडणारा माणूस. दचकीने मागच्या गल्लीची कुपी उचलली, उलटी केली, टिचकी मारली. वर काही आलं नाही. छान. ती ठेवणार, तेवढ्यात तिला तो दिसला.

तो खाली होता. उलट्या कुपीच्या तळाशी, झाकणाला टेकून, वाटाण्याएवढा.

तिने कुपी सुलटी केली. बुडबुडा जिना उतरणाऱ्या माणसासारखा, घाई न करता, पुन्हा खाली आला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

नावात 'बुड' असलं म्हणून बुडबुडा काही बुडत नाही. तो तरंगतो. हे कळायला पहिला वर्गही लागत नाही. काचेत दोष असेल, तिने मनाला समजावलं. नाहीतर तो बुडबुडा नसून तेलाचा थेंब असेल. पण तेलसुद्धा तरंगतं. तिने पुन्हा टिचकी मारली.

टिक.

आणि ट्रेमधून, ज्या कुप्यांना कोणी हात लावला नव्हता त्यांच्यातून, कुठूनतरी: टिक.

कुपी हातातून निसटली. तिने ती कशीबशी पोटाशी धरली.

"हवा आहे का?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"आहे, मॅडम. पण खाली आहे."

"खाली असो नाहीतर गच्चीवर असो. बाद."

"मागच्या गल्लीचं हे नेहमीचंच," बाटल्या म्हणाला. "कितीही जपून भरा, निम्म्याच्या वर बाद होतात. म्हणून मी दामदुप्पट भरतो. ज्या चार चांगल्या निघतील त्या तपासायच्या. आणि रिपोर्ट बघ ना कसा येतो, न्हाऊन आल्यासारखा. एवढं स्वच्छ पाणी अख्ख्या गावात नाही."

हे खरं होतं. म्हणून तर बंद पडलेल्या कारखान्याशेजारच्या त्या बोअरचं पाणी सोमवारी दुपारी गावाच्या मोठ्या टाकीला जोडायचं ठरलं होतं. सकाळी मॅडम सही करणार, दुपारी वाहिनी जुळणार, संध्याकाळपासून सगळं गाव तेच पिणार.

मागची गल्ली मात्र ते वर्षभर पीत होती. आणि मागच्या गल्लीत दचकीची मावशी राहायची.

तिने 'बाद' लिहिलेल्या टोपलीत कुपी टाकायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. कोणाचं लक्ष नाही असं बघून तिने ती ॲप्रनच्या खिशात घातली. घरी जाईपर्यंत खिशात काहीतरी चाललं होतं. किल्ल्या असतील, असं ती म्हणत राहिली. किल्ल्या दुसऱ्या खिशात होत्या.

२

मावशी म्हणजे गल्लीतली तोफ. दचकायचा वारसा भाचीला तिच्याकडूनच आलेला. कोणी मागून शिंकलं तरी मावशी हातभर उडायची, आणि मग शिंकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आई लवकर गेलेल्या त्या पोरीला मावशीने वाढवलं ते शिव्या देत देत. त्या शिव्या ऐकल्याशिवाय तिला लहानपणी झोप येत नसे.

रविवारी दार उघडून मावशी म्हणाली, "ये."

एवढंच. आज वाट चुकलीस वाटतं, गालांची हाडं वर आलीत, मावशी जिवंत आहे का बघायला आलीस का, यातलं एक अक्षर नाही.

स्वयंपाकघरात दूध उतू जायला आलं होतं. मावशीने पातेलं दोन्ही हातांनी उचललं. चिमटा नाही, फडकं नाही. सावकाश ओट्यावर ठेवलं, सावकाश हात सोडवले.

"मावशी, अगं हात!"

मावशीने तळवे उलटसुलट करून पाहिले. "भाजले वाटतं," ती म्हणाली, शेजारणीच्या हातांबद्दल बोलावं तशी.

दचकीने तिचे हात नळाखाली धरले, आणि लगेच नळाखालून काढलेही. का काढले ते तिला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात बाहेर कोणाच्या तरी ओसरीवरून भांड्यांची उतरंड कोसळली. केवढा तो आवाज. दचकी दाराच्या चौकटीला जाऊन चिकटली. मावशी जागची हलली नाही. खिडकीतून गल्ली दिसत होती. दोघी बायका बोलत होत्या त्या बोलतच राहिल्या. एक जण दाढी करत होता, त्याचं पातं गालावरून तसंच संथ खाली आलं. रस्त्यात कुत्रं आडवं पडलं होतं. त्याने कानसुद्धा टवकारला नाही.

मावशीचं वय झालं, ऐकू कमी येत असेल. ठीक. पण दाढीवाला तरुण होता. आणि कुत्र्याचं काय?

"पाणी पी," मावशीने पेला पुढे केला. "गोड आहे."

हे वाक्य तिने फोनवर कितीदा ऐकलं होतं. इथलं पाणी गोड आहे गं. प्रत्येक वेळी तिला बरं वाटलं होतं. खारं नाही, मचूळ नाही, ते गोडं पाणी. सगळं जग तसंच म्हणतं.

"म्हणजे विहिरीच्या पाण्यासारखं गोडं ना, मावशी?"

"नाही गं. गोड. साखर ढवळल्यासारखं. एकदा सवय झाली की दुसरं पाणी घशाखाली उतरत नाही."

यंत्रांच्या भागांचं तेल-ग्रीस धुवायला कारखान्यांत जी द्रावणं वापरतात, ती गोडसर लागतात आणि माणसाला बधिर करतात. हे तिने परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आणि मावशी वर्षभर तिला पाण्याचा अहवाल देत होती, तर तिने तो कौतुक समजून कानाआड केला होता.

पेला तिने मोरीत ओतला. पर्समधून कोरी कुपी काढली, नळ बारीक सोडला, आयुष्यात कधी भरली नसेल इतक्या जपून भरली. झाकण लावलं. उलटी केली. आत हवेचा कणही नव्हता, हे तिने खिडकीच्या उजेडात धरून खात्रीने पाहिलं.

मग झाकणापाशी, खाली, काहीतरी हळूहळू गोळा व्हायला लागलं. डोळा उघडतो तसं.

तिने टिचकी मारली. टिक.

नळाच्या घशातून उत्तर आलं. टिक.

आणि तिच्या पाठीमागे मावशीने, कुठेतरी दूर बघत, नखाने ओट्यावर वाजवलं. टिक. आपण वाजवलं हे तिचं तिलाही ठाऊक नसावं.

"मावशी," दचकी तिचा दंड धरत म्हणाली, "मावशी, माझ्या घरी चल. आत्ता."

"आणि पाणी?" मावशीने विचारलं.

तिला ओढून नेणं शक्य नव्हतं. ती चिडत नव्हती, भांडत नव्हती. फक्त येत नव्हती.

३

सोमवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर सहीचा कागद होता आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"मॅडम, आपण चुकीच्या कुप्या तपासतोय," दचकी म्हणाली. हे वाक्य तिने रात्रभर घोकलं होतं, तरी म्हणताना ती स्वतःच दचकली.

मॅडमनी चष्मा खाली केला. "बोल."

"रसायन बुडबुड्यात जाऊन बसतं, बरोबर? म्हणून बुडबुडेवाल्या कुप्या आपण टाकतो. पण त्या गल्लीत बुडबुडा आपल्या चुकीने होतच नाहीये. तो पाण्यातूनच निघतो. म्हणजे ज्यांत सगळं आहे त्या कुप्या टोपलीत, आणि ज्यांत काही नाही त्यांचा रिपोर्ट."

मॅडमनी भिंतीवर लावलेल्या नियमाकडे पाहिलं. ट्रे उचलायला आलेला बाटल्या तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

"वर्षभर?" मॅडमनी विचारलं.

"वर्षभर."

"नियम मीच लिहिलाय गं भिंतीवर," त्या म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावलं. "सुई आण. आणि कोरा आधी लाव. तुझ्या बुडबुड्याइतकाच मला माझ्या यंत्राचा संशय येतोय."

कोरा म्हणजे ज्यात काहीच नाही असं पाणी. यंत्राला आधी ते दाखवायचं. त्याला काहीच नाही दिसलं, म्हणजे त्याचे डोळे साफ आहेत. कोरा लावला. कागदावर सरळ रेघ आली.

मग मावशीच्या नळाची कुपी. झाकणाच्या मधोमध रबराचा पडदा असतो, त्यातून सुई घालून बुडबुड्यातली हवा ओढायची. बुडबुडा खाली बसतो, तेव्हा कुपी उलटी धरून खालून सुई घातली की झालं, असं दचकीला वाटलं होतं. तिने सुई घातली. बुडबुडा बाजूला झाला.

तिने सुई तिकडे नेली. तो दुसरीकडे सरकला. काचेला चिकटून, तेवढ्यापुरतंच, अंग चोरल्यासारखा.

"हात थरथरतोय तुझा," मॅडम म्हणाल्या.

"माझा हात नाही थरथरत, मॅडम."

मॅडमनी वाकून पाहिलं. मग त्या सरळ झाल्या, खुर्ची थोडी मागे घेतली. "चालू दे," एवढंच म्हणाल्या.

सुई जायची तिथे तो नसायचा. हात कुठे जाणार हे त्याला आधी कळत असावं, असा एक मूर्खासारखा विचार तिच्या मनात आला. घाम पापणीवर आला. आणि त्याच वेळी बाटल्याच्या खिशातला फोन खणखणला.

दचकी दचकली. हाताने असा काही झटका घेतला की तो तिलाही आधी माहीत नव्हता. सुई थेट बुडबुड्याच्या मध्यात घुसली.

कुपीतून एक बारीक आवाज आला. तिने दट्ट्या ओढला, आणि ओढत असतानाच तिला हसू फुटलं. आयुष्यभर जिने तिची कपबश्या-बाटल्यांशी वैरं लावली होती, त्या खोडीने आज काम केलं होतं.

"विम्याचे पैसे वसूल," मॅडम पुटपुटल्या.

यंत्राने घशात सुस्कारा सोडला आणि पेन चालायला लागलं. प्रयोगशाळेत उंच रेघेला 'पीक' म्हणतात.

"पीक येतंय का?" मॅडमनी विचारलं.

"येतंय."

"किती?"

"कागदात मावत नाही, मॅडम. कापणीला आलंय."

मॅडमनी सहीचा कागद घडी करून पर्समध्ये घातला. "मी वर साहेबांकडे जाते, वाहिनी जोडणं थांबवते. पण घरातल्या नळाचा नमुना दाखवला तर म्हणतील, तुमच्या मावशीची टाकी घाण. तू बाटल्याला घेऊन बोअरवर जा. मुळाचं पाणी आण. मी फोन केला की व्हॉल्व्ह बंद."

४

भर दुपारी बंद कारखान्याच्या आवारात दोघांच्या चपलांशिवाय आवाज नव्हता. पंपघराची भिंत, तिच्यातून निघणारा जाड पाइप, पाइपावर गाडीच्या स्टिअरिंगएवढं व्हॉल्व्हचं लोखंडी चाक, आणि जमिनीत बांधलेली टाकी. पंपाजवळच्या तोटीतून तिने कुप्या भरल्या. सगळ्यांत बुडबुडे बसले, खाली, ओळीने, शाळेतल्या मुलांसारखे.

"झालं ना? निघू या," बाटल्या म्हणाला. आज त्याला झाकण सापडलेलं दिसत होतं.

टाकीचं पत्र्याचं झाकण उघडायची काही गरज नव्हती. तिने ते उघडलं. आपण काय बंद करणार आहोत ते न बघता बंद केलं, तर ते पुढे प्रत्येक नळातून आपल्याला ऐकू येत राहील, एवढंच तिला कळत होतं.

ऊन सरळ आत पडलं. पाणी नितळ होतं, तळापर्यंत. पण तळ दिसत नव्हता. तळावर, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, एकच बुडबुडा पसरून पडला होता, खोलीच्या फरशीएवढा, आरशासारखा लकाकत. आणि त्यात वर बघणारा चेहरा होता. तिचाच. कानामागची पेन्सिल, कपाळाला चिकटलेले केस, सगळं तिचं.

म्हणजे प्रतिबिंब. उजेड, पाणी, हवा. त्यात काय एवढं.

मागे बाटल्याच्या हातून डबा सुटला आणि सिमेंटवर आदळला.

ती दचकली.

खालची दचकली नाही.

ती तशीच शांत बघत राहिली. मावशी बघायची तशी. मग तिने बोट उचललं, सावकाश, आणि नख पुढे आणलं.

दचकीने झाकण आपटलं आणि त्यावर बसली. पत्र्याखालून, तिच्या बरोबर खाली: टिक.

"काय होतं आत?" बाटल्याने विचारलं.

"पाणी."

"मग चुन्यासारखी पांढरी का पडलीस?"

"मी रोजच पडते," ती म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला, आणि ती रीतसर पुन्हा दचकली. दचकल्याचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

"थांबवलं," मॅडमचा आवाज आला. त्या धापा टाकत होत्या, जिने चढून भांडून आल्या असाव्यात. "कर बंद."

५

चाक गंजलेलं होतं. दोघांनी लोंबकळून ते फिरवायला घेतलं. पहिला आटा बसला तसा पाइपातला आवाज बदलला. टिकटिक जवळ आली, आणि वेगात.

"पाण्याचा दाब असतो तो," बाटल्या म्हणाला.

"हो. दाबच."

"तू म्हणतेस म्हणून मानतो. तू म्हण."

"दाब आहे रे. फिरव."

शेवटचा आटा राहिला, तेव्हा बाटल्याने हात सोडले. "बघ," तो म्हणाला.

फाटकातून गल्ली आत येत होती. घाई नाही, गोंगाट नाही. रिकाम्या बादल्या, कळश्या, हंडे घेऊन सगळे चालत आले आणि उन्हात उभे राहिले. पाणी गेलं की माणसं ओरडतात. यांच्यात कोणी ओरडत नव्हतं. गालाला कापल्याची रेघ असलेला दाढीवाला होता. कुत्रंही होतं. आणि सगळ्यांच्या पुढे, फोड आलेल्या तळव्यांत कळशी धरून, मावशी.

"उघड," मावशी हळू म्हणाली.

"नाही, मावशी."

"तहान लागली आहे, बाळा."

मावशीने तिला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. कार्टी म्हटलं होतं, भवानी म्हटलं होतं, तापाने फणफणलेली असताना मांडीवर घेऊन 'मेले, मरू नकोस' म्हटलं होतं. बाळा नाही. हे बोलणारं जे कोणी होतं, त्याला मावशी नीट पाठ नव्हती.

"माझी मावशी अशी मागत नाही," दचकी म्हणाली. "माझी मावशी आधी चार शिव्या देते."

तेवढ्यात सगळ्यांनी एकदम, एका नखाने वाजवावं तसं, आपापल्या भांड्यावर वाजवलं. टिक.

तिने चाकाला मिठी मारली आणि सगळं अंग टाकून शेवटचा आटा फिरवला.

पाइपात अडलेलं पाणी उलटं धावलं आणि भिंतीवर आदळलं. धाड. जमीन हादरली, पंपघराच्या कौलांवरून धूळ पडली, झाडावरचे पक्षी उडाले. आणि तिला नवल वाटलं, कारण एवढ्या मोठ्या आवाजाला ती दचकली नव्हती. ती बघत होती.

गल्ली दचकली.

सगळी एकदम, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत. बादल्या पडल्या, कोणी खाली बसलं, कोणी शेजाऱ्याला बिलगलं, कुत्रं शेपूट घालून किंचाळत सुटलं. दाढीवाल्याने गालाला हात लावून 'आई गं' केलं. मावशी हातभर उडाली, तिची कळशी घरंगळत गेली. क्षणभर कोणालाच काही सुचेना, आणि मग जो कल्ला उठला, तो त्या आवारात वर्षभर कोणी ऐकला नसेल. पाणी का बंद केलं, कोणाला विचारून केलं, कोण ही बया, घरात थेंब नाही, अर्ज कुठे करायचा, टँकर कोण तुझा बाप पाठवणार का.

"पाठवणार, पाठवणार," बाटल्या ओरडून सांगत होता, आणि त्याच्या अंगावर चारी बाजूंनी हंडे नाचत होते.

मावशी तळवे फुंकत, डोळ्यांत पाणी आणून, तरातरा तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"कार्टे, काळजाचं पाणी केलंस माझ्या! आणि हे हात कशाने भाजलेत, आग आग होतेय नुसती. बघत काय उभी राहिलीस भवाने, हास आणखी, हास. सोड ते चाक आणि इकडे ये."

"येते, मावशी," ती म्हणाली. ती हसत होती आणि रडत होती, आणि मावशी आणखी चढ्या आवाजात तिच्या सात पिढ्या मोजत होती, ज्यांतल्या निम्म्या तिच्या स्वतःच्याच होत्या.

लोखंडात, तिच्या तळहातांखाली, काहीतरी अजून हळू हळू उलटं फिरू पाहत होतं.

"बाटल्या," तिने हाक मारली, "वेल्डिंगवाल्याला बोलाव. तोवर मी इथेच आहे."

आणि चाक तिने सोडलं नाही.